पहिल्या नंबराचा नमुना

ऋतिकाच्या बाटलीतलं पाणी पिवळं होतं. दौलतशेठनं ते मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून हेरलं आणि शेजारी बसलेल्या क्रीडाशिक्षक केदार सरांना कोपरानं ढोसलं.

"सर, काय पितेय ती?"

"लिंबूपाणी असेल हो."

"लिंबूपाणी म्हनून तर आमी हळदीच्या रातीलाबी पितो. दुसऱ्या दिशी उठवत न्हाय."

दौलतशेठ वडप्याचा. शेतावर गोदामं उभी राहिली, भाडं घरपोच येऊ लागलं, आणि संशय घ्यायला त्याला सबंध दिवस मोकळा मिळू लागला. त्याची रुचिका शंभर मीटर धावायची आणि दरवेळी टेमघरच्या ऋतिकाच्या मागं दुसरी यायची. आज जिल्ह्याची अंतिम शर्यत होती. राज्याच्या संघात एकच मुलगी जाणार, आणि वयामुळं रुचिकाची ही शेवटचीच संधी.

"ती शेलार गावची बघा. दंड हायत का उखळं? आन् त्या पलीकडचीचा आवाज ऐकलाव? फोनवर मी तिला तिचा बाप समजलो."

"शेठ, पुरावा लागतो."

"म्हनून तर गप हाय."

तो गप्प नव्हता. मागच्या आठवड्यात त्यानं सरांना सहज विचारलं होतं, "डोपिंगवाले आले तर नमुना कुनाचा घेतात?"

"आपल्याकडं पहिल्या नंबराचा."

"आन् पहिली सापडली तर?"

"ती बाद. दुसरी पहिली होते."

त्याच संध्याकाळी दौलतशेठनं नाव न सांगता तक्रार ठोकून दिली होती.

आणि तपासणीवाले खरंच आले. दोघंच, हातात थर्माकोलची पेटी. त्यांच्यासाठी माइकवरून चहा मागवला गेला आणि मैदानावर साथ पसरली. शेलारच्या मुलीच्या पोटात कळ आली. एकीच्या आजीला अचानक जास्त झालं. एकीनं कारण सांगण्यात वेळ दवडला नाही, सरळ कंपाउंडवरून उडी टाकली; हिला उंच उडीत का घातलं नाही, म्हणून केदार सर हळहळले. ऋतिका "बूट बदलून येते" म्हणाली आणि रिक्षात बसली.

रेषेवर उरली एकटी रुचिका.

"शेठ, मानलं तुम्हाला!" सर उभे राहिले. "सगळ्या खोट्या, तुमची एकटी खरी!"

दौलतशेठ तोवर धोतर सावरत रेषेपाशी पोचला होता. "बाय, पाय मुरगळला सांग. चल घरी."

"कुठं मुरगळलाय?"

"एकटीनं धावून काय शोभा? लोक हसतील."

"हसू दे. मी काय चोरून खाल्लंय, बाबा? सगळ्यांसमोर तपासू दे मना. मंग कुनी बोलायचं न्हाय."

शिट्टी झाली. रुचिका एकटीच धावली, पण मागं सातजणी लागल्यासारखी धावली. मैदानानं टाळ्यांचा कडकडाट केला. पोरीनं धापा टाकतच तपासणीवाल्यांपुढं हात केले, "कुठं यायचं सांगा."

"आधी वडिलांना बोलाव. तू लहान आहेस."

"पुढं व्हा, आलोच," म्हणत दौलतशेठ मंडपामागं गेला आणि घरी बायकोला फोन लावला.

"पुतळे, कपाटातला तो पावडरचा डबा आत्ताच्या आत्ता खाडीत फेक."

"कंचा?" पुतळाबाईनं विचारलं. "पोरीला कळू न देता तिच्या पेजेत घालता त्यो?"