कानाची वॉरंटी

“ह्यात तंबोरा मेलाय,” दस्तगीरचाचा म्हणाले. मिरजेत चाळीस वर्षं घोडी कानसेने घासून तंबोऱ्यांची जवारी, म्हणजे तारांचा झंकार, लावणारा माणूस आज स्पीकर घ्यायला आला होता.

दुकानातल्या प्रांजलने मीटर पुढे केला. “शंभर टक्के अचूक आहे, चाचा.”

“मीटर कशाला बघू? मी ऐकतोय ना!”

“मग दोष कानात असणार. वॉरंटीत मोफत दुरुस्ती आहे.” तिने त्यांच्या कानामागे ऐकण्यासाठी बसवलेल्या चिपला यंत्र टेकवलं. “आता?”

आता स्पीकरमधला तंबोरा गोड वाजला. चाचा ओशाळले आणि तोच स्पीकर घेऊन घरी आले.

सकाळी स्वतः लावलेला तंबोरा त्यांनी सहज छेडला आणि ते दचकले. तारेखालचा दोरा सरकवला, पुन्हा सरकवला. तंबोरा काही जिवंत होईना.

भिंतीशी गिऱ्हाइकांचे अकरा तंबोरे तयार उभे होते. चाचांनी ते एकेक छेडून पाहिले. सगळेच मेलेले वाटले, तशी त्यांनी कानस उचलली.