लंडनचं लेबल

लंडनहून येताना सुटकेसला लागलेलं विमानाचं लेबल दाबकेसाहेबांनी कधी काढलं नाही. नाशिकच्या त्यांच्या बंगल्यात ती सुटकेस माळ्यावर न जाता थेट दिवाणखान्यात उभी असायची, आणि लेबल वाचल्याशिवाय पाहुण्याला चहा मिळत नसे.

त्र्याऐंशी साली शेजारच्या लताबाईंनी ती मागून नेली. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं, आता तिला बाळासकट सायखेड्याला सासरी पोचवायचं होतं. सुटकेस परत आली ती सोड्याने घासूनपुसून, लेबलाशिवाय.

साहेबांना अन्न गोड लागेना. पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा लंडनला गेले, आणि या खेपेला पॅरिसही केलं. पॅरिस कसं वाटलं असं कुणी विचारलं, की म्हणायचे, "तिथलं लेबल जरा मोठं असतं."

लताबाई दोन्ही नवी लेबलं बघून निघाल्या, आणि दारातूनच परत आत आल्या.

"साहेब, तुमचं जुनं लेबल टाकलं नाही हो, नातवाच्या पाळण्याला बांधलंय. अख्खं सायखेडं म्हणतं, बाळंतपण लंडनला झालं. पोरीला आता पुन्हा दिवस गेलेत. तेवढं पॅरिसचं द्याल का?"