बुडाल्याची जागा

अरल समुद्र आटला, त्याच्या जुन्या काठावर मुयनाकचं संग्रहालय आहे. त्याच्यासाठी मी नकाशाचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. फुकट, कुणीही उघडावा, दुरुस्त करावा असा. पहिल्याच दिवशी म्हातारे जियेनबाय आगा आले. साठ वर्षांपूर्वी धाकटा भाऊ जाळ्यासकट बुडाला, तिथे त्यांना नकाशावर खूण करायची होती. प्रोग्रामने लाल अक्षरांत नकार दिला.

"आगा, तो म्हणतो, इथे पाणीच नाही, तर माणूस बुडेल कसा?"

"मग त्याला म्हणावं, माझा भाऊ परत दे!"

बुडाल्याची खूण पाण्यातच हवी, ही अट मी काढून टाकली. खूण बसली.



प्रोग्राम प्रत्येक खुणेखाली लिहितो, तसं त्याने याही खुणेखाली लिहिलं: 'इथून चालत दोन तास दहा मिनिटं.'