चौथं नाव

"मुलगी झाली ना, की तिची धर्ममाय तूच," डेल्फिना म्हणाली आणि तिने पुढचा उंडा लाटायला घेतला. "बाप्तिस्म्याचा झगासुद्धा तयार आहे. तीन पोरगे झाले, पण एकालाही घातला नाही. तो अमालियाचा. माझ्या आईचं नाव."

इमेल्डाने मांडीवरची फाइल उलटी करून ठेवली. रविवारी लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्तीचा मोर्चा निघणार होता. डेल्फिनाचा नवरा एलिसेओ मोर्चाचा पुढारी. तो मागच्या अंगणात चार जणांना घेऊन फलक रंगवत बसला होता. चळवळीतली पुरुषांची कामं अशी मोकळ्या हवेत, हसतखिदळत चालतात. मोर्चाच्या चारशे टॉर्टिया, म्हणजे मैद्याच्या पोळ्या, मात्र एकट्या डेल्फिनाच्या तव्यावरून उतरायच्या होत्या.

"ताई, मी आज मदतीला नाही आले," इमेल्डा म्हणाली. ती वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती. "धाकट्याच्या वेळचं विचारायचंय. दवाखान्यात तुम्ही एका कागदावर सही केली होती?"

"केली असेल बाई. कळांनी जीव चालला होता नुसता. नर्स म्हणाली, सही कर, नाहीतर इंजेक्शन मिळणार नाही. सगळं इंग्रजीत, मला काय कळतंय त्यातलं!" ती हसली. मग तिचं हसू जरा उतरलं. "का गं? माझं काही चुकलं का?"

पुढचं वाक्य इमेल्डाने बसमध्ये तीनदा घोकलं होतं. तरी ते नीट आलं नाहीच.

"सिझेरियनला पोट उघडलं होतं ना, तेव्हाच त्यांनी तुमच्या नळ्या बांधल्या, ताई. पुन्हा मूल होऊ नये म्हणून. तुमच्यासारख्या पुष्कळ जणी आहेत. सगळ्या आपल्यातल्याच."

लाटणं थांबलं.

"तरीच," डेल्फिना म्हणाली. "गल्लीतली ती झाडपाल्याची औषधं देणारी म्हातारी सांगते, पोट थंड पडलंय. वर्षभर तिचा कडू काढा पितेय मी." आणि एकदम तिचा चेहरा उजळला. "पण बांधल्याच आहेत ना नुसत्या? बांधलेलं सोडता येतं की!"

"कापल्यात, ताई."

तव्यावरची टॉर्टिया करपली. डेल्फिनाने ती बोटांनीच उचलून बाजूला टाकली आणि दुसरी घातली. बोटं भाजली असणार, पण तिने हात झटकलासुद्धा नाही.

तेवढ्यात एलिसेओ आत आला. हाताला लाल रंग, खांद्यावर धाकटा. त्याने एक गरम टॉर्टिया उचलली, मीठ भुरभुरून गुंडाळली आणि तोंडात कोंबली.

"काय वकीलबाई, आमच्या बायकोला फितवताय काय? बुधवारच्या बैठकीत सांगितलं ना, बाळंतपणाच्या भानगडी मोर्चानंतर बघू. आधी समाज." त्याने पोराला हवेत उडवून झेललं. "हा बघा समाज! एक पोरगी तेवढी होऊ दे, मग मोर्चाला बाहेरची माणसं बोलवायलाच नकोत."

डेल्फिनाच्या गालाला लाल बोट लावून तो हसत बाहेर गेला. माणूस वाईट नव्हता. म्हणूनच इमेल्डाला त्याच्याकडे बघवलं नाही.

"त्याला ठाऊक आहे?" डेल्फिनाने विचारलं.

"नाही. दवाखान्यातून मिळालेल्या यादीत तुमचं नाव मी पाहिलं. कोणाला बोलले नाही."

"आणि दवाखान्याविरुद्ध कोर्टात गेलं तर?"

"तर सगळ्यांना कळेल." इमेल्डाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते तिला थांबवता येईना.

"ए, तू रडू नकोस. रडायची पाळी माझी आहे, आणि मला अजून दोनशे लाटायच्यात."

पण तिने लाटणं हातात घेतलं नाही. ओट्याला टेकून ती तशीच उभी राहिली. गालावरचा रंग पुसायचंही तिला सुचलं नाही.

इमेल्डाने फाइलमधून दाव्याचा कागद काढला. "आज सही नका करू," ती म्हणाली. "अजून एकही बाई तयार झालेली नाही. तुम्हीही नाही म्हणालात तरी मी समजेन."

"हा कागद पण इंग्रजीत?"

"नाही. आपल्या भाषेत. मीच टाइप केलाय."

"मग वाच. सगळा वाच. दवाखान्यातला तो मला कोणी वाचून दाखवला नव्हता."

इमेल्डाने वाचायला सुरुवात केली. नाव डेल्फिना अरिएता. वय बत्तीस. पतीचं नाव. राहण्याचा पत्ता. अपत्यं: गिल्बेर्तो, नऊ वर्षं. रुबेन, सहा वर्षं. इसिद्रो, दोन वर्षं.

"थांब," डेल्फिना म्हणाली. "त्याच्याखाली जागा आहे?"

"एका ओळीची आहे."

"अमालिया लिही."

"ताई, कोर्टात असं चालत नाही..."

"कोर्टाचं कोर्ट बघेल. नाव ठेवायचा मान धर्ममायचा असतो. तू लिही."

इमेल्डाने पेन काढलं. मांडीवरच्या फाइलवर कागद टेकवून तिने लिहिलं. चौथं नाव वाकडंतिकडं आलं. त्याच्यापुढे वयाची जागा होती, ती तिने तशीच सोडली.

अंगणातून एलिसेओची हाक आली, "डेल्फिना! कॉफी आण गं, मंडळी खोळंबलीत!"

डेल्फिनाने गॅस बंद केला. एप्रनला हात पुसले, कागद ओट्यावर सरळ केला आणि खिडकीकडे तोंड करून ओरडली, "थांबा जरा! मी सही करतेय!"