पान्यावरचं कुंकू

खिळ्याला टांगलेल्या पान्यावर कालच्या दसऱ्याचं कुंकू जसंच्या तसं होतं. ते पाहून मी हातातलं काम टाकलं.

सकाळी सुजयच्या गाडीला मी आणि गॅरेजातल्या इस्माईलभाईंनी नवा हेडर, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारा पाइप, बसवला होता. जुन्या ऑक्सिजन सेन्सरची वायर नव्या भोकापर्यंत पुरेना, म्हणून मी लांब वायरीचा सेन्सर निवडला आणि बोटांनी फिरवून बसवला. तेवढ्यात कोणीतरी हाक मारली. सेन्सर आवळायचा तो याच पान्याने. तसा पाना गॅरेजात एकच.

"इस्माईलभाई, सेन्सर तुम्ही आवळलात ना?"

"मी? तुम्ही हात घातला होता, मला वाटलं झालं काम."

गाडी तापली की सेन्सर ढिला होणार, तिथून विषारी धूर एसीच्या वाटेने आत शिरणार. सुजय बायको आणि तान्ह्या लेकीला घेऊन चिपळूणला निघाला होता. मी फोन लावला.

"काका, एक नंबर काम! आवाज तर काय घुमतोय, घाटात लोक वळून बघतायत."

"सुजय, काचा उघड्या आहेत का?"

"छे, एसी लावलाय. मायलेकी मागे गाढ झोपल्यात, हाक मारली तरी उठत नाहीत. मलापण जरा पेंग येतेय."

"काचा खाली कर! गाडी थांबव आधी!"

तो जड आवाजात हसला.

"थांबतो की काका. एवढा घाट उतरू दे."