रुजू

तीन वर्षं अर्ज करून मडावी सिस्टरचं नाव शहरातल्या मिडवायफरीच्या कोर्सला लागलं. सोमवारी हजर व्हायचं होतं. अट अगदी किरकोळ होती. बदली नर्स रुजू झाली की सिस्टर कार्यमुक्त! आणि या जंगलातल्या उपकेंद्रावर रुजू व्हायला तर नर्सांची नुसती रीघ लागलेली होती.

तरी शुक्रवारी सकाळी जीपमधून बदली नर्स खरोखरच उतरली. पोट धरूनच उतरली.

“कितवा महिना गं?”

“नववा, ताई. रुजू झाल्याशिवाय प्रसूतिरजा मिळत नाही म्हणाले. तारीख पंधरा दिवसांनी होती, पण तुमच्या रस्त्याला घाई झाली.”

दहा वाजता तिनं हजेरीपटावर सही केली. चार वाजता सिस्टरच्या हातात गुटगुटीत मुलगी होती आणि टेबलावर आईच्या सहा महिन्यांच्या रजेचा अर्ज.

सिस्टरनं तालुक्याला फोन लावला.

“अभिनंदन!” साहेब खुलले. “ती नियमानं रुजू झाली, नियमानं रजेवर गेली. आता केंद्र उघडं कसं टाकायचं? तुम्ही थांबा. कोर्स काय, पुढच्या वर्षीही असतो.”

“पुढच्या वर्षी माझं वय बसत नाही, साहेब.”

“मग बिघडलं काय? बाळंतपणं तुम्ही झोपेतही कराल. तिथं जाऊन नवं काय शिकणार?”

“नाही म्हणायला शिकणार होते,” सिस्टर म्हणाली. “ते आजच जमलं. रविवारपर्यंत बाळ-बाळंतिणीला बघते, सोमवारी मी कोर्सला. दुसरी नर्स पाठवा, आणि कितवा महिना ते आधी विचारून घ्या.”