भाच्यासाठी रायफल

"एअर रायफल कुणासाठी हवीय?" क्रीडासाहित्याच्या दुकानदारानं विचारलं आणि परागच्या तोंडून निघून गेलं, "भाच्यासाठी. नेमबाजी शिकायचीय त्याला. पहिलीच आहे, स्वस्तातली दाखवा."

शेजारी उभ्या आईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. साठी उलटल्यावर तिनं नेमबाजीच्या वर्गात नाव घातलं होतं, आणि लोक हसतील म्हणून पराग कुढत होता.

दुकानदारानं दोन रायफली काउंटरवर ठेवल्या. "ही स्वस्त, पण जड. ही थोडी महाग, पण हलकी. भाचा केवढा आहे?"

पराग रायफलीवरची किमतीची चिठ्ठी उलटून पाहू लागला.

"माझ्याएवढाच आहे," आई शांतपणे म्हणाली. "मी धरून बघू का?" तिनं स्वस्तातली उचलली, दस्ता खांद्याला टेकवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला. हात जराही हलला नाही.

आपलं खोटं आई सांभाळून घेतेय, हे कळताच परागचे कान तापले. "भाचा नाही हो," तो मान खाली घालून कसाबसा बोलला. "आईच शिकतेय."

"मग काकू, हीच घ्या," दुकानदार म्हणाला. "छान बसलीय खांद्यावर."

आईनं रायफल लगेच खाली ठेवली नाही. परागला मान वर करता यावी, म्हणून ती मुद्दामच त्याच्याकडे पाहत नव्हती.